मंडळातले एजंट, शून्य हप्त्याचा प्लॅन आणि पुण्यातला हिवाळा

वाचकाचा प्रश्न: न्यू जर्सीहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांचं वय ६२. यजमानांना येत्या सप्टेंबरमध्ये ६५ वर्षं पूर्ण होतील आणि ऑगस्टअखेर ते आयटीतल्या नोकरीतून निवृत्त होतील. त्यांना मधुमेह आहे, चार वर्षांपूर्वी एक स्टेंट बसवला आहे. निवृत्तीनंतर नोव्हेंबर ते मे पुण्यात आणि उरलेलं वर्ष अमेरिकेत, असा बेत आहे. महाराष्ट्र मंडळातले त्यांचे एक जुने स्नेही मेडिकेअरचे, म्हणजे अमेरिकेतल्या पासष्टीपुढच्यांच्या सरकारी आरोग्य विम्याचे, एजंट आहेत. त्यांनी शून्य हप्त्याचा ॲडव्हान्टेज प्लॅन (मेडिकेअरचे लाभ खाजगी कंपनीमार्फत देणारा) सुचवला आहे, त्यात दात, डोळे, जिम सगळं आहे. कॅलिफोर्नियातला मुलगा म्हणतो, 'एजंटच्या नादी लागू नका, त्यांना कमिशन मिळतं. मूळ मेडिकेअर घ्या आणि वर मेडिगॅप.' मेडिगॅप म्हणजे मूळ मेडिकेअरमध्ये न भागणाऱ्या खर्चासाठीचा खाजगी पूरक विमा. त्याला महिन्याला दोनेकशे डॉलर जास्त लागतील. यजमानांचं म्हणणं, इतक्या वर्षांचा मित्र आपल्याला फसवेल का? 'कोणाचं ऐकू?' असं त्या विचारतात. 'आणि नको म्हणायचं तर घरच्यासारख्या माणसाला ते कसं सांगू?'

ताई,

'कोणाचं ऐकू' हे तुम्ही पत्रात तीनदा लिहिलंय. पुण्याचा उल्लेख मात्र एकदाच, तोही जाता जाता. स्टेंटचाही तसाच. मला वाटतं, नेमकं उलट व्हायला हवं होतं. मित्र खरा की मुलगा खरा, यावर तुमचा निर्णय ठरणार नाही. वर्षातले किती महिने तुम्ही कुठे असणार आणि यजमानांची तब्येत पुढच्या वीस वर्षांत काय काय मागणार, यावर तो ठरेल. तेव्हा एक विचारते: पुण्याचा बेत तुम्ही त्या स्नेह्यांना सांगितला आहे का? पत्रावरून तरी तसं वाटत नाही. सांगितला नसेल, तर त्यांनी दिलेला सल्ला चुकीचा म्हणता येणार नाही. तो बारा महिने न्यू जर्सीत राहणाऱ्या माणसासाठी होता, एवढंच.

आता कमिशनचं. मुलगा म्हणतो ते खरं आहे, पण अर्धंच. मेडिकेअरच्या एजंटला पैसे देते ती विमा कंपनी. तुमच्या खिशातून काही जात नाही, आणि एजंटला टाळून तोच प्लॅन थेट कंपनीकडून घेतलात तरी हप्ता एका सेंटनंही कमी होत नाही. ॲडव्हान्टेजच्या कमिशनवर केंद्र सरकारची कमाल मर्यादा आहे. २०२६ साठी ती बहुतेक राज्यांत पहिल्या वर्षी ६९४ डॉलर आहे, न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात ८६४, आणि पुढे तुम्ही त्याच प्रकारच्या प्लॅनवर राहिलात तर दरवर्षी त्याच्या निम्मी. मेडिगॅपला अशी केंद्रीय मर्यादा नाही. तिथे हप्त्याच्या टक्केवारीवर कमिशन मिळतं आणि पहिल्या वर्षी हाती साधारणपणे कमी पडतं. म्हणजे पारडं थोडं एका बाजूला झुकलेलं आहे, हे लक्षात असू द्या. त्यावरून माणूस वाईट ठरत नाही. बँकेतला ओळखीचा मॅनेजरही मुदत ठेव मोडायला गेल्यावर दुसरी ठेव सुचवतोच की.

खरी अडचण 'शून्य' या आकड्यात आहे. शून्य हप्ता म्हणजे त्या कंपनीचा वेगळा हप्ता शून्य. पार्ट बीचा, म्हणजे मेडिकेअरच्या डॉक्टर आणि बाह्यरुग्ण उपचारांच्या भागाचा, हप्ता तुम्हाला दोन्हीकडे भरावाच लागतो. २०२६ मध्ये तो महिना २०२.९० डॉलर आहे. ॲडव्हान्टेजमध्ये सरकार तुमच्या वतीनं कंपनीला दरमहा ठरलेली रक्कम देतं आणि मूळ मेडिकेअर जे जे देते ते तुम्हाला कंपनीनं द्यायचं असतं. पण कंपनीच्या नियमांनी: तिच्या नेटवर्कमधले डॉक्टर, बऱ्याच तपासण्यांना आणि उपचारांना पूर्वपरवानगी, आणि प्रत्येक वेळी तुमचा थोडा वाटा. त्या वाट्याला वर्षाची कमाल मर्यादा असते. नेटवर्कमधल्या उपचारांसाठी २०२६ मध्ये कायद्यानं ती ९,२५० डॉलरपेक्षा जास्त ठेवता येत नाही. अनेक प्लॅनमध्ये ती कमी असते. तुमच्या प्लॅनची किती, हे त्या चकचकीत माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर सापडणार नाही. ते शोधून काढा.

मूळ मेडिकेअरमध्ये नेटवर्क नाही. मेडिकेअर घेणारा देशातला कुठलाही डॉक्टर, कुठलंही हॉस्पिटल चालतं. पण तुमचा वीस टक्के वाटा कुठेच थांबत नाही, त्याला वरची मर्यादाच नाही. शिवाय हॉस्पिटलात दाखल झालात की पार्ट ए (हॉस्पिटलच्या खर्चाचा भाग) सुरू होण्याआधीचे १,७३६ डॉलर तुमचे, हा आकडा २०२६ चा. म्हणून मेडिगॅप. त्याच्या प्लॅनना अक्षरं आहेत आणि एका अक्षराचे फायदे सगळ्या कंपन्यांत कायद्यानं सारखेच असतात. प्लॅन जी घेतला तर पार्ट बीचे वर्षाचे पहिले २८३ डॉलर (२०२६ मध्ये) तुमचे. मेडिकेअरनं मान्य केलेल्या उपचारांचं पुढचं बिल जवळपास पूर्ण भागतं. प्लॅन एन थोडा स्वस्त, त्यात डॉक्टरच्या भेटीला वीस डॉलरपर्यंत द्यावे लागतात. औषधांसाठी पार्ट डी वेगळा घ्यायचा. त्यात २०२६ मध्ये वर्षाला २,१०० डॉलरच्या वर तुमच्या खिशातून जात नाही आणि इन्सुलिन लागलंच तर महिन्याला ३५ डॉलरच्या आत. औषधांच्या या दोन्ही मर्यादा ॲडव्हान्टेजमधल्या औषध-विम्यालाही लागू आहेत, तेव्हा तिथे बरोबरी.

म्हणजे महिना दोनशे जास्त धरले तर वर्षाला २,४०० डॉलर नक्की जाणार, आणि वयाबरोबर मेडिगॅपचा हप्ता वाढत जाणार. ठणठणीत वर्षात ते पैसे पाण्यात गेल्यासारखे वाटतील. ज्या वर्षी दुसरा स्टेंट, कॅथेटरायझेशन, महिनाभर रिहॅब असं सगळं येईल, त्या वर्षी वाटणार नाहीत. नुसत्या आकडेमोडीवर हा वाद मिटत नाही. दोन्ही बाजूंनी हिशेब मांडता येतो.

पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी नाही, आणि तुमच्या पत्रात तिचा कुठेच उल्लेख नाही. यजमानांचा पार्ट बी सुरू झाला की सहा महिने कुठलीही मेडिगॅप कंपनी त्यांना मधुमेह किंवा स्टेंट दाखवून नाकारू शकत नाही, जास्त हप्ताही लावू शकत नाही. हे सहा महिने आयुष्यात एकदाच मिळतात. नंतर कंपनी तब्येत तपासते आणि नाही म्हणू शकते. न्यू यॉर्क, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स, मेन अशा मोजक्या राज्यांत ही सोय पुढेही आहे. न्यू जर्सीत नाही. मेडिगॅपवरून ॲडव्हान्टेजला मात्र दर वर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबरमध्ये जाता येतं, कोणी तब्येत विचारत नाही. थोडक्यात, इकडून तिकडे जाणं सोपं आहे आणि तिकडून इकडे येणं स्टेंटवाल्या माणसाला फार कठीण. 'आत्ता शून्याचा घेऊ, आजारी पडलो की बदलू' असं मंडळात बरेच जण म्हणतात. आजारी पडल्यावरच बदलता येत नाही, गोम तिथे आहे.

एक पळवाट आहे, तीही सांगते. पासष्टाव्या वर्षी पहिल्यांदाच मेडिकेअर घेताना थेट ॲडव्हान्टेजमध्ये गेलात आणि बारा महिन्यांच्या आत परत फिरलात, तर मेडिगॅप न नाकारता मिळतं. यजमान अडूनच बसले तर हा एका वर्षाचा प्रयोग करता येईल. पण तारीख कॅलेंडरवर लाल पेननं लिहायची, आणि ती पाळायची.

आता पुणे. ॲडव्हान्टेज प्लॅनच्या सेवाक्षेत्राबाहेर सलग सहा महिन्यांहून जास्त राहिलात तर कंपनीला तुमचं नाव कमी करावं लागतं. औषधांचा विमा बहुधा त्याच प्लॅनमध्ये असतो, तोही जातो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला जाऊन मेच्या मध्याला परतणं म्हणजे तुम्ही या रेषेच्या पलीकडेच आहात. हे टाळायला तिकिटं बदलता येतील. पण हापूसचा सीझन कोण सोडून येणार, हे तुम्हीच ठरवा. मूळ मेडिकेअर आणि मेडिगॅपला असा नियम नाही. हप्ते भरत राहिलात की ते चालू राहतं.

पण कुठल्याही बाजूनं पुण्यातल्या उपचारांची भिस्त मेडिकेअरवर ठेवू नका. मूळ मेडिकेअर अमेरिकेबाहेर जवळपास काहीच देत नाही. मेडिगॅपच्या जी किंवा एनमध्ये परदेशातल्या तातडीच्या उपचारांचे ८० टक्के मिळतात, पण पहिले २५० डॉलर वगळून, प्रवासाच्या पहिल्या साठ दिवसांतच, आणि संपूर्ण आयुष्यात मिळून ५०,००० डॉलरपर्यंत. नोव्हेंबरमध्ये गेलेल्या माणसाला फेब्रुवारीत छातीत दुखलं तर त्याचा उपयोग शून्य. ॲडव्हान्टेजवाले 'जगभर इमर्जन्सी' म्हणतात. ती किती रकमेपर्यंत आणि आधी बिल कोणी भरायचं, हे लेखी मागा. माझ्या मते तुम्हाला भारतातली वेगळी आरोग्य पॉलिसी हवी आणि तिची चौकशी आजच सुरू करायला हवी. भारतात आता पासष्टीच्या पुढेही नवी पॉलिसी घेता येते. पण आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं आणि स्टेंट असल्यानं कंपनी जादा हप्ता मागेल किंवा नाही म्हणेल. नाहीच मिळाली तर तेवढी रक्कम पुण्यातल्या बँकेत बाजूला ठेवायची. हा उपाय फार हुशारीचा नाही, पण चालतो.

आणि हो, 'सहा महिने तर इथे नसतोच' म्हणून पार्ट बी बंद करायचा विचार कोणी सुचवला तर ऐकू नका. परत घेताना बाहेर राहिलेल्या प्रत्येक पूर्ण वर्षाला दहा टक्के दंड लागतो आणि तो कायमचा हप्त्यात बसतो.

दात आणि डोळ्यांचं थोडक्यात. मूळ मेडिकेअर दात, चष्मा, श्रवणयंत्र देत नाही हे खरं. पण ॲडव्हान्टेजमधल्या दातांच्या लाभाला वर्षाची ठरावीक रक्कम असते. आणि खरं सांगू, आपल्यातले निम्मे लोक रूट कॅनाल पुण्यातच उरकून येतात. त्यासाठी हृदयाचा विमा ठरवू नका.

तुमच्या जागी मी असते तर मेडिगॅप जी आणि वेगळा पार्ट डी घेतला असता. स्टेंट आणि पुणे, ही दोनच कारणं त्याला पुरेशी आहेत. पण हे सगळ्यांसाठी नाही. ज्यांना महिना दोनशे डॉलर झेपणारे नाहीत, जे एकाच गावात राहतात, ज्यांचे डॉक्टर आणि जवळचं हॉस्पिटल नेटवर्कमध्ये आहे आणि ज्यांना पूर्वपरवानगीचे फोन करायला घरात कोणी आहे, त्यांना चांगला ॲडव्हान्टेज प्लॅन नीट चालतो. अशी माणसं मला माहीत आहेत आणि ती समाधानी आहेत.

तारखांचं पाहू. यजमानांनी अजून सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) सुरू केली नसेल तर मेडिकेअर आपोआप लागत नाही. पार्ट ए आणि बीसाठी सोशल सिक्युरिटीच्या संकेतस्थळावर त्यांनी स्वतः अर्ज करायचा, ते काम एजंटचं नाही. जन्ममहिन्याआधीचे तीन महिने, तो महिना आणि पुढचे तीन, अशी सात महिन्यांची मुदत असते. पण जून ते ऑगस्टमध्येच अर्ज केला तर १ सप्टेंबरला कार्ड चालू होईल आणि नोकरीचा विमा संपल्यावर खंड पडणार नाही. मेडिगॅपचे ते सहा महिने मग सप्टेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे त्यातले चार महिने तुम्ही पुण्यात. तेव्हा मेडिगॅप आणि पार्ट डी दोन्ही विमानात बसण्याआधी, किंबहुना १ सप्टेंबरपासूनच लागू होतील असे घ्या.

पार्ट बीचा हप्ता दोन वर्षांपूर्वीच्या आयकर विवरणावरून ठरतो. २०२४ मध्ये तुम्हा दोघांचं मिळून उत्पन्न २,१८,००० डॉलरच्या वर असेल तर पार्ट बी आणि पार्ट डी दोन्हींवर जादा आकार लागेल. आयटीतल्या पगारात हे अवघड नाही. पत्र आल्यावर घाबरू नका. निवृत्तीमुळे उत्पन्न घटलं असं एसएसए-४४ या अर्जावर कळवलं की फेरविचार होतो. हे माहीत नसल्यानं वर्षभर जास्त भरत राहिलेले लोक आहेत.

आता त्या स्नेह्यांशी काय बोलायचं. भीड ही भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतात ते विम्याच्या बाबतीत तर शंभर टक्के खरं आहे. पण तुम्हाला 'नाही' म्हणायचंच नाहीये. तुम्हाला प्रश्न विचारायचे आहेत. पहिला: तुम्ही आमच्या काउंटीतल्या किती कंपन्यांचे प्लॅन विकता? सगळे प्लॅन न विकणाऱ्या बहुतेक एजंटांना हे स्वतःहून सांगणं नियमानं बंधनकारक आहे, तेव्हा वाईट वाटायचं कारण नाही. दुसरा: मेडिगॅप विकता का, आणि विकत असाल तर प्लॅन जीसाठी कुठल्या कंपनीचा हप्ता गेल्या पाच वर्षांत किती वाढला? फायदे सारखेच असल्यानं कंपनी निवडताना हाच खरा प्रश्न आहे, आणि इथे जाणकार एजंटचा उपयोग मुलाच्या स्प्रेडशीटपेक्षा जास्त होतो. मग यजमानांच्या गोळ्यांची यादी त्यांच्या पुढ्यात ठेवा, हृदयरोगतज्ज्ञांचं आणि हॉस्पिटलचं नाव सांगा, आणि पुण्याच्या तारखा सांगा. 'हे सगळं धरून काय सुचवाल?' असं विचारून गप्प बसा. चांगला एजंट इथे स्वतःच्या तोंडानं मेडिगॅप म्हणेल. नाही म्हणाला तर का, ते ऐकून घ्या.

बोलणी सुरू होण्याआधी ते एका कागदावर सही मागतील, 'स्कोप ऑफ अपॉइंटमेंट' म्हणतात त्याला. कोणत्या प्रकारच्या प्लॅनबद्दल बोलणार एवढंच त्यात असतं, तो नोंदणीचा अर्ज नव्हे. त्यात मेडिगॅपवरही खूण करून घ्या. मेडिकेअरचा नंबर मात्र निर्णय होईपर्यंत कोणालाही देऊ नका, मित्रालाही नाही.

यजमानांना मित्राबद्दल शंका घेतल्यासारखं वाटत असेल तर दुसरं मत सरकारी घ्या. शिप नावाची योजना प्रत्येक राज्यात आहे, न्यू जर्सीतही. तिथले प्रशिक्षित सल्लागार फुकट बसून समजावतात आणि त्यांना कुठलाही प्लॅन विकायचा नसतो. १-८००-६३३-४२२७ या मेडिकेअरच्या क्रमांकावर विचारलं की तुमच्या काउंटीतलं केंद्र सांगतात. 'शिपवाल्यांनी असं सांगितलं' हे वाक्य मित्रापुढे बोलायलाही सोपं जातं.

भारतातून आई-वडिलांना ग्रीन कार्डवर आणलेल्यांची पत्रं मला वरचेवर येतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. अमेरिकेत सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय त्यांना मेडिकेअर विकत घेता येत नाही. भारतातली नोकरीची वर्षं इथे धरत नाहीत, कारण दोन देशांत तसा करारच नाही. इथे काहीच काम केलं नसेल तर पार्ट एचाच हप्ता २०२६ मध्ये महिना ५६५ डॉलर आहे, बीचा वेगळा. पाच वर्षं होण्याआधी 'मेडिकेअर करून देतो' म्हणणारा एजंट भेटला तर चहा पाजून परत पाठवा.

आणि ताई, एवढ्या लांबलचक पत्रात तुमच्या स्वतःच्या विम्याबद्दल एक ओळही नाही. तुम्ही यजमानांच्या नोकरीच्या विम्यावर असणार. तो ऑगस्टअखेर संपला की तुम्ही ६२ व्या वर्षी उघड्यावर, कारण यजमानांच्या मेडिकेअरमध्ये तुमचं नाव लागत नाही. तुमचं मेडिकेअर तीन वर्षांनी, तुमच्या पासष्टीला. मधला काही काळ, साधारणपणे अठरा महिने, कोब्रावर (नोकरी सुटल्यावरही तोच विमा पुढे चालू ठेवण्याची कायदेशीर सोय) काढता येईल, पण त्यात कंपनीचा वाटाही तुम्हीच भरायचा, वर दोन टक्के. दुसरा मार्ग 'गेट कव्हर्ड न्यू जर्सी' या राज्याच्या विमा-बाजारपेठेचा. निवृत्तीनंतर उत्पन्न खाली आलं तर तिथे हप्त्यात सवलत मिळू शकते. नोकरीचा विमा संपल्यापासून त्यासाठी ६० दिवस मिळतात. तेव्हा शिपच्या माणसाला भेटाल त्याच आठवड्यात यजमानांच्या कंपनीतून कोब्राचा आकडा मागवा आणि बाजारपेठेतल्या दोन प्लॅनचे आकडे त्याच्याशेजारी लिहा. कळवा मला, काय निघतं ते.